कळलं ना? – हो, कळलं. (किडनी ट्रान्सप्लांटची चिठ्ठी घरी आल्यावर)

फार्मसीवाला

मिरज-सांगली म्हणजे दवाखान्यांचा पट्टा. कर्नाटकातनं, पंढरपूर-जतकडनं माणसं मिरज स्टेशनावर उतरतात ती फाईल काखेत मारूनच. माझं औषधाचं दुकान ह्याच पट्ट्यात. किडनी ट्रान्सप्लांट झालेले बरेच पेशंट आता कायमचे गिऱ्हाईक आहेत. ऑपरेशन पुण्यात, मुंबईत किंवा आणखी कुठं झालेलं असतं, पण पुढची सगळी वर्षं औषधं इथूनच जातात. काउंटरच्या अलीकडून जे दिसतं तेवढंच लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा धाग्यावर डोस विचारू नका आणि इथलं वाचून बदलूही नका.

एक गृहस्थ आहेत. सरकारी नोकरीतनं निवृत्त, रोज दोन पेपर वाचणार, गल्लीतल्या लोकांचे बँकेचे फॉर्म भरून देणार. त्यांच्या चिठ्ठीवर टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, दीड मिलिग्रॅम सकाळी आणि दीड रात्री. दुकानातून १ मिलिग्रॅमची आणि ०.५ मिलिग्रॅमची अशा दोन स्ट्रिपा जातात, दोन्हीतली एकेक घेतली की झाले दीड. एके दिवशी साहेब मला विचारतात, "कॅप्सूल अर्धी करायचं काही यंत्र येतं का हो?" खोदून विचारल्यावर कळलं ते असं: १ ची एक अख्खी घ्यायची, १ चीच दुसरी उघडून कागदावर पूड काढायची, सुरीच्या टोकानं तिचे दोन भाग करायचे, उरलेला भाग पुडीत बांधून रात्रीला. ०.५ ची स्ट्रिप ड्रॉवरमध्ये तशीच, "मला वाटलं जादाची दिली." बेरीज बरोबर होती हो, पण हे औषध सुरीच्या टोकावर मोजायचं नाही आणि ती पूड हाताळायचीही नाही. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हणत होते, दोन जातीच्या दिल्यात तर दोन्हीतली एकेक असणार." वहिनींची शाळा चौथीपर्यंत.

म्हणून "अडाणी पेशंटचा प्रश्न" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. वाचता येणं वेगळं आणि आपल्या आजाराची चिठ्ठी वापरता येणं वेगळं. आरोग्य साक्षरता म्हणतात ती ही दुसरी. परदेशात ह्यावर बरेच अभ्यास झालेत. आरोग्याची माहिती समजून घ्यायला ज्यांना जड जातं, त्यांचं नाव ट्रान्सप्लांटच्या यादीपर्यंत पोचायचं प्रमाणच कमी असतं, असं त्यांत दिसलंय. म्हणजे गळती गोळ्यांच्या आधीपासून सुरू होते.

टॅक्रोलिमसबद्दल थोडं सांगतो, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. १९८४ साली जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. बाहेरच्या किडनीवर शरीर हल्ला करतं, तो हल्ला ते थोपवतं. रक्तातली पातळी कमी पडली की शरीर किडनी नाकारायला लागतं. जास्त झाली तर तेच औषध किडनीला मारक ठरतं, शिवाय हात थरथरतात, साखर वाढते. सुरुवातीचे महिने गेल्यावर बहुतेकांची पातळी ५ ते १० नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवतात, माणसागणिक फरक. एवढ्या पट्ट्यात माणसाला आयुष्यभर ठेवायचं असतं.

आता ही पातळी मोजतात कशी? सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले असताना रक्तात किती उरलंय ते बघायचं असतं. पेशंटला सांगितलेलं असतं "सकाळी रक्त द्या". तो शहाण्यासारखा वेळेवर गोळी घेतो आणि मग लॅबमध्ये जातो. आकडा फुगून येतो. गोळी घेऊन आलाय हे कुणाला कळलं नाही तर डोस कमी होतो. आता खरी पातळी खाली गेली. पेशंटनं एकही गोळी चुकवलेली नाही, डॉक्टरांनी आकडा बघूनच निर्णय घेतलाय, लॅबनं बरोबर मोजलंय, आणि किडनी धोक्यात.

उलटंही होतं. "गोळी न घेता या" म्हटल्यावर माणूस डबी घरी ठेवूनच निघतो. रक्त देऊन, डॉक्टर बघून, एसटीनं घरी पोचेपर्यंत दुपार टळलेली असते.

आणखी एक. टॅक्रोलिमसची दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल असते आणि एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारीही असते. नाव तेच. एकीच्या जागी दुसरी गेली तर घोटाळा. तीच गोष्ट कंपनीची. "ही संपलीय, दुसऱ्या कंपनीची देऊ का, औषध तेच" हे वाक्य तापाच्या गोळीला चालतं, इथं डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही, आणि बदललीच तर पातळी परत तपासावी लागते. माझ्या धंद्यातल्या लोकांनीही हे मनावर घ्यायला पाहिजे.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी असेल तर काय अनुभव? कुठं अडलं?

---

तिसरी_किडनी

आयडी वाचून हसू नका, खरंच तीन आहेत. जुन्या दोन बहुतेक वेळा काढत नाहीत, नवी खाली ओटीपोटात बसवतात. गावाकडच्या सोनोग्राफीवाल्यानं मागं नवीच्या जागी "गाठ" लिहिलं होतं. तेव्हापासून टेबलावर आडवं व्हायच्या आधीच सांगतो.

माझ्याकडचा अनुभव पाण्याचा. डायलिसिसवर असताना दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा, आमटी सगळं. आईनं तांब्यावर खूण केली होती. ट्रान्सप्लांट झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता भरपूर प्या, अडीच-तीन लिटर. घरी आल्यावर आई परत तोच तांब्या घेऊन उभी. इतकी वर्षं पाणी म्हणजे विष सांगितलं आणि आता रात्रीत उलटं? तिचा विश्वासच बसेना. मी पाणी मागितलं की "जरा दम धर" म्हणायची. शेवटी फोनवर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. नियम बदलले एवढं सांगून भागत नाही, का बदलले ते घरातल्या माणसाला सांगावं लागतं.

---

बेदाणा

तासगावकडचा हाय मी. धाकट्या भावाचं झालंय. फार्मसीवाले, तुमचं बारा तासाचं बरोबर हाय पण आमच्याकडं शेतीपंपाची लाईट रात्री येतीया. भाऊ पाणी पाजायला जातो, नवाची गोळी घरात. परत येतोय तीन वाजता. मग काय करायचं, तीन वाजता घ्यायची का सकाळी दोन?

अजून एक, डॉक्टरनी बीपीसाठी मीठ कमी करा म्हणलं म्हणून वहिनीनं दुकानातनं ते महागातलं कमी सोडियमचं मीठ आणलंय. ते बरं ना?

---

फार्मसीवाला (बेदाणा यांना)

दोन एकदम कधीच नाही. राहिली तर कधीपर्यंत घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या. खरा उपाय म्हणजे रात्रीचा डोस सदऱ्याच्या खिशात, मोबाईलवर नवाचा गजर. मोटार चालू असली तरी कॅप्सूल गिळायला किती वेळ लागतो?

आणि ते मीठ आजच बंद करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टॅक्रोलिमसनं आधीच रक्तातलं पोटॅशियम चढतं, त्यात हे पडलं तर हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. साधंच मीठ, पण कमी. बेदाण्यातही पोटॅशियम भरपूर, तुमच्या आयडीची माफी मागून सांगतो. मूठ मूठ खायचे नाहीत. किती चालतील ते पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील.

---

तिरकस

लेख चांगला, पण मला ह्या "आरोग्य साक्षरता" प्रकरणात पेशंटवर ढकलायचा वास येतो. माझ्या सासऱ्यांना डिस्चार्ज देताना हातात जाडजूड कागद दिले, सगळे इंग्रजीत, त्यात अर्धी अक्षरं संक्षेपाची. सही मात्र मराठीत घेतली, "मला सर्व समजावून सांगितले आहे" ह्या ओळीखाली. कुणी समजावलं? वॉर्डबॉयनं, लिफ्टची वाट बघताना. आता किडनी गेली की म्हणणार, पेशंट निरक्षर. बिल मात्र स्वच्छ मराठीत समजतं सगळ्यांना.

---

सिस्टर_मिरज

तिरकस, बरंचसं खरंय. पण वॉर्डाच्या आतलं एक सांगते. आम्ही समजावतो, अगदी बसून समजावतो. कुणाला? जो नातेवाईक त्या वेळी समोर असतो त्याला. तो बहुतेक वेळा गाडी घेऊन आलेला चुलतभाऊ नाहीतर शहरात नोकरीला असलेला भाचा, कारण "त्याला कळतं". तो मान डोलावतो, फाईल घेतो, पेशंटला घरी सोडतो आणि आपल्या गावी जातो. गोळ्या देणार सून. जेवण करणार सून. लघवी कमी झाली का, पायाला सूज आली का, हे दिसणार तिला. आणि ती डिस्चार्जच्या दिवशी घरी गुरं-पोरं बघत असते. मी आता विचारतेच, "घरी डबी कोण भरणार? त्यांना फोन लावा."

स्टेंट विसरणारेही आहेत. ऑपरेशनच्या वेळी लघवीच्या नळीत एक बारीक नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी काढायची असते. बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, म्हणून लक्षात राहत नाही. राहिली तर इन्फेक्शन, खडा. फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तारीख लिहून घ्या.

---

नेफ्रो_निवासी

शिकाऊ डॉक्टर आहे, ओपीडीतली बाजू मांडतो. सकाळी बाकड्यांवर बसायला जागा नसते. एकेका पेशंटला काही मिनिटं. त्यात आम्ही विचारतो "कळलं ना?" आणि तो म्हणतो "हो". ह्या "हो"ला काही अर्थ नाही हे आम्हालाही माहीत असतं आणि त्यालाही. बाहेर रांग आहे, डॉक्टर घाईत आहे, "नाही कळलं" म्हणायची कुणाची छाती होणार?

त्यापेक्षा "उद्या सकाळी उठल्यापासून काय काय घेणार ते मला सांगा" असं विचारलं तर लगेच कळतं गाडी कुठं अडलीय. वेळ फार जास्त लागतो असंही नाही. सवय नाही, इतकंच.

आणि एक गैरसमज सगळ्यात महागात पडतो. "त्रास नाही, म्हणजे किडनी ठीक." रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर किडनी नाकारायला लागतं तेव्हा, ताप, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी, एक-दोन दिवसांत वजन वाढणं हे होऊ शकतं, पण पुष्कळदा काहीच होत नाही. फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा, वाढला की वाईट) १.१ चं १.५ होतं. माणूस चालतोय, फिरतोय, लग्नात जेवतोय. म्हणून दोन-तीन वर्षं चांगली गेलेला पेशंट मला नव्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. त्याला वाटतं आता आपण बरे झालो, एखादी गोळी राहिली तर काय होतंय. शरीर त्या किडनीला विसरत नाही. चुकलेल्या गोळ्यांमुळं तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि किडनी हळूहळू निकामी होते. नंतर गोळ्या नियमित केल्या तरी गेलेलं परत येतंच असं नाही.

---

हळदकट्टा

सांगलीत धागा निघाला आणि हळदीचा विषय नाही? आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय! 🙂 गंमत सोडा. मेव्हण्याला सगळे सांगतात, ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती कमी असते तर हळद-दूध, गुळवेल, अश्वगंधा चालू कर. कोविडपासून घरात गुळवेलीच्या वड्यांचा डबाच आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

फार्मसीवाला (हळदकट्टा यांना)

प्रतिकारशक्ती कमी "झालेली" नाही, मुद्दाम कमी "केलेली" आहे. ती वाढवायची औषधं घेणं म्हणजे एका हातानं गेट बंद करून दुसऱ्या हातानं उघडणं. गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याचे रुग्णही कोविडच्या काळात नोंदले गेले.

भाजी-आमटीतली हळद खुशाल खाऊ द्या. करक्युमिनच्या (हळदीच्या अर्काच्या) गोळ्या, रोज चमचे-चमचे हळद मात्र नको. त्यानं टॅक्रोलिमसची पातळी चढल्याची नोंद आहे. तसंच पपनस. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं ते. आतड्यातलं जे विकर हे औषध मोडतं त्यालाच ते अडवतं, म्हणून पातळी वाढते. ग्रेपफ्रूटचं नाव कागदावर असतं, पण ते आपल्याकडं खातो कोण? पपनसाचं नाव नसतं.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. काय घेताय ते किडनीच्या डॉक्टरांना सांगा, एवढंच. लोक लपवतात, कारण ओरडा बसतो.

---

नेफ्रो_निवासी

ह्याला जोडून, गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य "माझं ट्रान्सप्लांट झालंय". क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या काही गोळ्यांनी पातळी झपाट्यानं वाढते, टीबीच्या रिफाम्पिसिननं आपटते. आणि डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन विचारल्याशिवाय नाही.

---

कऱ्हाडची_लेक

दुखण्याच्या गोळीवरून आठवलं. सगळे पेशंटचं बोलताय, देणाऱ्याचं कोण बोलणार? माझ्या भावाला आईनं किडनी दिली. आपल्याकडं देणाऱ्या बहुतेक आया नाहीतर बायकाच असतात. भावाची फाईल फुगत गेली, आईची ऑपरेशननंतर बंदच झाली. ती परत भांगलणीला जायला लागली, संध्याकाळी अंग दुखतंय म्हणून किराणा दुकानातली गोळी. एकच किडनी असलेल्या बाईनं ती रोज घ्यायची नसते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला कळलं ते भावाच्या कागदावर वाचून. आता दरवर्षी तिचंही बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन करून घेते. ती म्हणते, "मला काय धाड भरलीय?"

---

वाळवेकर

गळती आधीपासून सुरू होते ह्या वाक्यावर +१००. आमच्या भावकीत एकाची बायको किडनी द्यायला तयार होती, रक्तगट जुळला नाही. "जमत नाही" एवढंच ऐकून दोघं परत आले आणि डायलिसिस हेच आयुष्य म्हणून बसले. अशाच अडलेल्या दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करता येते, १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं त्याला जागा केलीय, हे त्यांना फार उशिरा कळलं. मरणोत्तर दानाच्या यादीत नाव लावता येतं हेही. आपला भाग पुण्याच्या झेडटीसीसीकडं (मरणोत्तर दानातल्या अवयवांचं वाटप बघणारी विभागीय संस्था) येतो, नोंदणी ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत होते.

पैशाचंही तसंच. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण नंतरच्या औषधांचा दरमहा खर्च किती आणि तो कुठून, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. गोळ्या चुकतात त्या विसरून कमी आणि महिनाअखेरीला जास्त.

---

तिसरी_किडनी

वाळवेकर, शेवटचं वाक्य अगदी खरं. एक दिवसाआड घेऊन "पुरवणारे" मी बघितलेत. लाजेनं कुणाला सांगत नाहीत.

अवांतर: २०१९ च्या महापुरात आमच्या भागात पाणी आलं तेव्हा औषधांची दुकानंच पाण्यात होती. तेव्हापासून जून लागला की जादा साठा आणि चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर असते. पुराच्या पाण्यात उतरायचं नाही आणि पाणी उकळूनच प्यायचं, हे आमच्यासारख्यांना दुप्पट लागू.

---

तिरकस

एवढं सगळं ध्यानात ठेवायचं तर पेशंटला बी.फार्म.ला प्रवेश घ्यावा लागेल. फार्मसीवाले, एका पानात मावेल असं काही आहे का तुमच्याकडं, मराठीत?

---

फार्मसीवाला

आहे, हातानं काढलेलं. डाव्या बाजूला सकाळ-रात्रीचे रकाने, त्यात स्ट्रिपचा रिकामा तुकडाच चिकटवून देतो, म्हणजे नाव वाचायला नको, रंग बघायचा. "किती मिलिग्रॅम" लिहीत नाही, "ह्यातली एक, ह्यातली एक" असं लिहितो. खाली वजन, बीपी, ताप रोज लिहायला जागा आणि कुणाला फोन करायचा तो नंबर. १०० च्या वर ताप गेला तर घरात बसायचं नाही, ही ओळ लाल पेननं. डोस बदलला की जुनं पान माझ्यासमोर फाडायचं. हे महत्त्वाचं, नाहीतर घरात दोन पानं फिरतात.

---

बेदाणा

मीठ टाकलं उकिरड्यावर. भावाची परवा लेव्हल हाय. मी सांगतो, बरोबर का बघा. आदल्या रात्री नवाला गोळी. सकाळी काय घ्यायचं न्हाई, कुठलीच गोळी न्हाई. डबी संगं न्यायची. नवाच्या सुमारास रक्त द्यायचं, आणि तिथंच बाकड्यावर बसून कॅप्सूल घ्यायची.

---

सिस्टर_मिरज

सगळं बरोबर, फक्त "कुठलीच गोळी नाही" सोडून. थांबवायची ती टॅक्रोलिमस. बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर ती नेहमीच्या वेळी, घोटभर पाण्याबरोबर. भाऊ साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतो का?

---

बेदाणा

घेतो की. ते न्हाई सांगितलं कुणी.

---

सिस्टर_मिरज

मग त्याचं उद्याच फोन करून विचारा. उपाशी यायला सांगितलंय का खाऊन, ते आधी विचारा, त्यावर ठरतं. आणि फोन तुम्ही नका करू, वहिनींना करू द्या.